रोह्याला किती वाजता पोचायचं?

पेणहून रोह्याला सायकलने जायला किती वेळ लागावा, या प्रश्नाला आमच्या गटात दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही ठाम आहेत. डॉक्टर म्हणतात, दोन तास. मास्तर म्हणतात, जेवणाआधी पोचलं म्हणजे झालं. अंतर तेच, चाळीसेक किलोमीटर. पेण, वडखळ, नागोठणे, भिसे खिंड, रोहा. भाताची कापणी उरकून शेतात वाल वर आले, सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली, की एखाद्या रविवारी दहा-बारा जणांनी निघायचं असा आमचा रिवाज आहे. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक जण गणपतीच्या कारखान्याचा मालक. एक जोडपं गाडीच्या टपावर सायकली बांधून पनवेलहून येतं.

डॉक्टर बीआरएमवाले आहेत, म्हणजे लांब पल्ल्याचं अंतर ठरलेल्या मुदतीत सायकलने कापणारे. एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर दिलेल्या मुदतीत पुरे केले की ‘सुपर रँडोन्यूर’ म्हणतात; ते डॉक्टर झालेले आहेत आणि ते आपल्याला ठाऊक असावं अशी त्यांची अपेक्षाही आहे. मास्तर भूगोलाचे, आता निवृत्त. सायकल लोखंडी, मागे कॅरिअर, कॅरिअरला कापडी पिशवी. पिशवीत पंप, पंक्चरचं सामान आणि खाण्याचं काहीतरी, जे ते कुणाला विचारल्याशिवाय काढत नाहीत आणि काढलं की कुणी नको म्हणत नाही. या दोघांचा वाद वडखळला सुरू झाला, नागोठण्यात पेटला आणि रोह्यात पोहे येईपर्यंत चालला. शब्द इकडचे तिकडे झाले असतील, सूर मात्र हाच.

डॉक्टर : मास्तर, वडखळला आपण पंचवीस मिनिटं काय करत होतो?

मास्तर : चहा पीत होतो.

डॉक्टर : चहा पाच मिनिटांत होतो.

मास्तर : पिऊन होतो. पण टपरीवाल्याने विचारलं ना, ‘रेस हाय का काय?’ रेस नाही, उगाच चाललोय, हे त्याला पटवायला दहा मिनिटं गेली. उरलेली दहा तुमच्या सायकलची किंमत ऐकून तो सावरेपर्यंत.

डॉक्टर : मी निम्मीच सांगितली होती.

मास्तर : घरीसुद्धा निम्मीच सांगितलीय, माहीत आहे आम्हाला.

(रायगडात रस्त्याकडेला थांबलेल्या सायकलवाल्याला तीन प्रश्न ठरलेले असतात : कुठून आलात, कुठे चाललात, कितीला पडली? चौथा कुणी तोंडाने विचारत नाही, पण चेहऱ्यावर असतो : घरी मोटरसायकल नाही का?)

डॉक्टर : थट्टा पुरे. माझं म्हणणं नीट ऐका. थंडीत सूर्य सातनंतर उगवतो. साडेसहाला जेमतेम फटफटतं. त्याआधी निघता येत नाही, कारण खारपाटातल्या धुक्यात मागचा लाल दिवाही ट्रकवाल्याला दिसत नाही. नऊनंतर डोलवीच्या पोलाद कारखान्याकडचे ट्रेलर रस्त्यावर वाढतात. अकराच्या सुमाराला समुद्रावरचा वारा सुरू होतो आणि ऊन टोचायला लागतं. म्हणजे आपल्या हातात बरा रस्ता किती? साडेचार तास. त्यातला एक तुम्ही टपरीवर घालवायचा म्हणता. मग ट्रेलरच्या बाजूने, उन्हात कोण चालवणार? मी तोवर पोचलेला असतो. अडकतो तो मागचा माणूस. हळू जाण्याची किंमत जो हळू जातो तोच मोजतो.

मास्तर : हे मान्य. वाऱ्याचं तर मीच शिकवलंय. सकाळी जमीन गार असते, वारा डोंगराकडून खाडीकडे. जमीन तापली की उलटा. येताना तो तोंडावर येतो.

डॉक्टर : मग?

मास्तर : मग आपण येतच नाही ना सायकलने. टेम्पो आहे.

हा टेम्पो हा वादातला उपवाद आहे. तो गणपतीच्या कारखान्याचा. पेण आणि पलीकडच्या हमरापूर-जोहे भागात मूर्तीचं काम बाराही महिने चालतं, पण मूर्ती पोचवण्याची धांदल पावसाळ्यातली. थंडीत टेम्पो मोकळा असतो. मूर्तींना धक्का लागू नये म्हणून अंथरलेला भाताचा पेंढा त्यात शिल्लक असतो. रोह्यात खाणं झालं की सायकली त्या पेंढ्यावर आडव्या निजवायच्या, हँडल एकमेकांत अडकू नयेत म्हणून मध्ये गोणपाट घालायचं आणि पेणला परत. डॉक्टरांना हा अपमान वाटतो. ते एकटे सायकलने, वाऱ्याला तोंड देत परततात. टेम्पो त्यांना कुठेतरी नागोठण्याच्या पुढे गाठतो आणि सगळे हात हलवतात. तेही हलवतात, पण एकच हात आणि थोडाच.

डॉक्टर : टेम्पोत बसून घरी गेलं की ती राइड राहत नाही, सहल होते.

मास्तर : सहल हा काय गुन्हा आहे?

डॉक्टर : गुन्हा नाही. पण सायकल कशाला मग? एसटीने जावं.

मास्तर : एसटी वडखळला टपरीपाशी थांबत नाही. आता तर हमरस्ताही बायपासने बाहेरून जातो. गावातल्या जुन्या रस्त्याने जाणारे आपणच. आणि तुम्हाला गणित हवं तर घ्या. चाळीस किलोमीटर ताशी वीसने गेलं तर दोन तास. ताशी पंचवीसने गेलं तर एक तास छत्तीस मिनिटं. वाचली चोवीस मिनिटं. आता ताकद किती जास्त लागली ते तुम्ही सांगा, तुम्ही डॉक्टर.

डॉक्टर : हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. वीसवरून पंचवीस म्हणजे सव्वा पट. सव्वाचा घन जवळपास दोन.

मास्तर : म्हणजे चोवीस मिनिटांसाठी वाऱ्याशी दुप्पट झुंज.

डॉक्टर : एकट्याने. टोळीत नाही! हेच तर मी सांगतोय. पुढच्याच्या मागच्या चाकाला लागून चालवलं की हवा तो कापतो. आळीपाळीने पुढे यायचं. दहा माणसं एकत्र निघण्याला अर्थ येतो तो तिथे. तुमच्या पद्धतीत दहा माणसं फक्त एका दिवशी निघतात, एकत्र जात नाहीत.

हा घाव वर्मी बसला. मास्तरांनी पिशवीतून चिक्की काढून वाटली. उत्तर सुचत नसलं की ते असं करतात.

मास्तर : ठीक आहे. पण त्या आळीपाळीत मी गेल्या खेपेला होतो. नागोठण्यापर्यंत मी काय पाहिलं? तुमचा मागचा टायर. एक वीत अंतर, नजर हलवायची सोय नाही. पुढच्याने खड्डा चुकवला तर मागच्याने तो खाल्लाच म्हणून समजा. ताशी पंधराने गेलं तर हवाच इतकी कमी आडवी येते की कुणाच्या मागे लपायची गरज नाही. दोन सायकलींत मोकळं अंतर ठेवता येतं, रस्ता दिसतो, मान वळवता येते.

डॉक्टर : आणि मान वळवून बघायचं काय? वडखळ ते नागोठणे काँक्रीट आहे, मास्तर. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११मध्ये सुरू झालं. ८४ किलोमीटरच्या कामाने दहा वर्षांहून जास्त खाल्ली आणि त्यात आपली किती चाकं वाकडी झाली! आता कुठे बरा पट्टा मिळालाय, तर तो झरझर मागे टाकावा.

मास्तर : त्याच पट्ट्यावरून अंबा नदी दिसते. नागोठण्यात तिच्यावर सोळाव्या शतकातला दगडी पूल आहे. दहा वर्षांत आपल्याला नीट रस्ता बांधता येईना आणि तो चारशेहून जास्त वर्षं पाण्यात पाय रोवून उभा आहे. तुम्ही तो कधी पाहिलात?

डॉक्टर : …नाही.

मास्तर : तुमच्या घड्याळात त्याला जागाच नाही.

इथे मध्येच एक सांगायला हवं. डॉक्टर पेशाने खरंच डॉक्टर आहेत आणि त्यांनीच मास्तरांच्या हातात एक शस्त्र दिलेलं आहे. नव्या माणसाला ते सांगतात की श्रम मोजायला यंत्र लागत नाही. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर श्रम मध्यम, बहुतेकांच्या हृदयाला मानवणारे. दोन-दोन शब्दांवर श्वास तुटायला लागला की जोराचे. मास्तरांनी यावरून सोयीस्कर निष्कर्ष काढला आहे : डॉक्टरांशी वाद घालायचा तर वेग कमीच ठेवावा लागेल.

डॉक्टर : तुम्ही मला शर्यतवाला ठरवता, ते चूक आहे. बीआरएम शर्यत नाहीच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतात. थांबे धरून सरासरी ताशी पंधराच्या आतच पडते. पहिला-दुसरा नंबर नसतो. पाच मिनिटं राखून आलेला आणि पाच तास राखून आलेला, दोघांची नोंद सारखीच.

मास्तर : आणि फार लवकर पोचलं तर?

डॉक्टर : …तर पुढचं तपासणीचं ठाणं उघडलेलं नसतं. थांबावं लागतं.

मास्तर : म्हणजे घाई करणाऱ्याला नियमातच शिक्षा आहे! मला हे लोक आवडायला लागले.

डॉक्टर : आवडतीलच. १८९७मध्ये इटलीत काही जणांनी सूर्योदय ते सूर्यास्त २३० किलोमीटर सायकल मारून दाखवली. धाडसी म्हणून त्यांना ‘ऑडॅक्स’ म्हणायला लागले. ते फ्रान्समध्ये आणलं हेन्री देग्रांज यांनी, १९०४ साली. हे तेच देग्रांज, ज्यांनी आदल्या वर्षी ‘टूर द फ्रान्स’ सुरू केली होती.

मास्तर : जगातली सगळ्यात मोठी शर्यत काढणाऱ्याने?

डॉक्टर : त्यानेच. पण ऑडॅक्समध्ये शर्यत नव्हती. सगळ्यांनी एका टोळीत जायचं, पुढे कप्तान, कप्तानाच्या पुढे कुणी जायचं नाही. आजही ती पद्धत चालते. वेग ठरलेला, ताशी साडेबावीस.

मास्तर : आणि तुमचं बीआरएम?

डॉक्टर : १९२१मध्ये पॅरिसच्या क्लबचं देग्रांजशी फाटलं. त्यांनी मोकळ्या वेगाची पद्धत काढली. ज्याने-त्याने आपल्या चालीने जावं, मुदतीत यावं. आम्ही त्यातले.

मास्तर : म्हणजे मूळ घर सगळे मिळून जाणाऱ्यांचं. तुम्ही वाटणी मागून बाहेर पडलेले.

डॉक्टर : वाटणी नव्हे. प्रत्येकाचे पाय वेगळे, हे कबूल करणं आहे ते. तुमच्या टोळीत जोरात जाणाऱ्याचाही छळच होतो, हे कधी लक्षात घेतलंत? तीन तास ब्रेकवर बोट ठेवून चालवून बघा. वारीची गोष्ट सांगू नका हं आता.

मास्तर : सांगणार होतो.

डॉक्टर : वारीलाही वेळापत्रक आहे. पालखी कधी निघणार, विसावा कुठे, मुक्काम कुठे, सगळं आधीपासून ठरलेलं. नाशिकहून दर वर्षी सायकलींची वारी पंढरपूरला जाते, तिचंही ठरलेलं असतं. घड्याळ नसतं तर एवढा समाज पोचला असता का?

मास्तर : दिंडीला घड्याळ आहे, पण दिंडीत कुणी दुसऱ्याला मागे टाकत नाही. मी घड्याळाच्या विरुद्ध नाही, डॉक्टर. ते कुणाच्या मनगटावर आहे, ते विचारतोय.

नागोठणे सोडून रोह्याकडे वळलं की ट्रेलर मागे राहतात, रस्ता अरुंद होतो, झाडी अंगावर येते आणि भिसे खिंडीचा चढ लागतो. घाटावरच्या माणसाला हा चढ वाटणारही नाही, पण बिनगिअरच्या सायकलवर तो चांगलाच कळतो. आमच्यात बँकेतल्या एक ताई आहेत, त्यांची सायकल तशीच. चढावर टोळी मोडायची, यावर दोघांचं एकमत. बिनगिअरची सायकल चढावर फार सावकाश मारताच येत नाही, पडायला होतं. आणि जो हलका गिअर लावून जातोय त्याला तिच्या चालीने जायला लावणंही जुलमाचंच. तेव्हा ज्याने-त्याने आपल्या दमाने चढायचं आणि माथ्यावर थांबायचं. सपाटीवर डॉक्टरांची युक्ती वापरतो : सर्वांत संथ माणूस दोन नंबरला, मागे नाही. तो मागे असला की पुढच्यांना कळतच नाही तो कधी तुटला.

पण माथ्यावर जे घडलं त्यावरून खरा वाद झाला.

मास्तर : खिंडीत तुम्ही किती वेळ थांबलात?

डॉक्टर : बारा-तेरा मिनिटं. ताई येईपर्यंत. आम्ही कुणालाही सोडून जात नाही, हे लक्षात घ्या.

मास्तर : मी त्यांच्या मागेच होतो, म्हणून मला दिसलं. ताई आल्या. एक पाय जमिनीला टेकला. बाटलीचं बूच दातांनी उघडलं, कारण दुसरा हात थरथरत होता. पहिला घोट घेतात न घेतात तोच तुम्ही सगळ्यांनी ‘चला, आल्या’ म्हणून पेडलवर पाय ठेवले. तुमच्या त्या बुटांचे क्लीट एकामागून एक खट-खट बसले. ताईंनी बाटली तशीच अडकवली आणि निघाल्या.

डॉक्टर : त्यांनी थांबा म्हणायचं होतं.

मास्तर : बारा मिनिटं आपल्यासाठी खोळंबलेल्या नऊ माणसांना? तुम्ही म्हणाला असता?

डॉक्टर : …

मास्तर : जो सगळ्यात दमलाय त्याला विश्रांती शून्य आणि जो सगळ्यात कमी दमलाय त्याला बारा मिनिटं. हे थांबणं नव्हे. त्या माणसाला आपण उशिरा आलो एवढंच त्यातून कळतं. पुढच्या रविवारी त्या येणार नाहीत, आणि आपण म्हणू, ताईंना वेळ नसेल.

डॉक्टर : म्हणजे त्या आल्यावर आणखी दहा मिनिटं थांबायचं. वीस-बावीस मिनिटं खिंडीत. तेवढ्यात आमचे पाय गार पडतात, त्याचं काय?

मास्तर : चिक्की देईन.

मग उतार, डावी-उजवी वळणं, लांब अवचितगडाचा डोंगर. कुंडलिका नदीच्या अलीकडे अष्टमी, पूल ओलांडला की रोहा. पुलावर मास्तरांचा भूगोलाचा तास भरतोच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचं बालपण इथलं. स्वाध्यायाचे पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म इथला, १९२०चा. कोकण रेल्वे सुरू होते ती इथून. कुंडलिका मात्र त्यांनी डॉक्टरांच्या तावडीत आयती दिली.

डॉक्टर : हीच कुंडलिका वर कोलाडला राफ्टिंगवाल्यांची. तिथे लोक सकाळी धावत का सुटतात, माहीत आहे? भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटतं तेवढ्या वेळातच नदी वाहती असते. वेळ चुकली की होडी खडकावर. नदीसुद्धा घड्याळावर चालते, मास्तर!

मास्तर : ते पाणी मुळशी धरणाचं, घाटावरून खाली सोडलेलं. ती नदी घड्याळावर चालते कारण तिला कुणीतरी कामाला लावलंय. मी रविवारी निघतो तो कामाला नाही.

डॉक्टर : तुमची ती मडक्यात भाजलेली पोपटी तरी वेळेवर उतरवता ना? की तेही जेवणाआधी कधीतरी?

मास्तर : पोपटीचं मडकं घड्याळ बघून कुणी काढत नाही. वालाच्या शेंगा किती जून, भांबुर्डीचा पाला किती ओला, जाळ कसा, वारा कुठला, यावर सगळं. मडक्यावर पाणी शिंपडायचं. थेंब चर्रकन सुकला की झाली. टोळीचंही तसंच बघावं. माणसाकडे बघा, मनगटाकडे नको.

पोहे आले म्हणून वाद थांबला. मिटला असं कुणी समजू नये. माझं विचाराल तर ट्रेलर, धुकं आणि ऊन यांच्या बाबतीत डॉक्टरांचं शंभर टक्के खरं आहे. या रस्त्यावर उशिरा निघून रमतगमत जाणं ही मौज नाही, मूर्खपणा आहे. वडखळला पंचवीस मिनिटं जास्तच होतात. तिथला चहा त्या लायकीचाही नाही, नुसती साखर. पण खिंडीच्या बाबतीत मास्तरांना तोड नाही, आणि मला वाटतं, सबंध वादातला तेवढाच मुद्दा खरा महत्त्वाचा होता. बाकी दोघांना आपापला आवाज आवडतो. डॉक्टरांनी परतताना नागोठण्याला थांबून तो दगडी पूल पाहिला, हे आम्हाला टेम्पोतून दिसलं. मास्तरांना कुणी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचे दोन महिने ऐकावं लागलं असतं.

आता आमचं ठरलंय ते असं. पेणहून साडेसहाला, मागचे दिवे लावून. वडखळला दहा मिनिटं. महामार्गावर एका रांगेत, साइडपट्टीला धरून, संथ माणूस दोन नंबरला. नागोठण्याला पुलापाशी थांबा. खिंडीच्या माथ्यावर शेवटचा माणूस आला की तिथून पुढची दहा मिनिटं डॉक्टरांच्या घड्याळावर मोजायची. ताई अजून येतात.

तुम्ही या वाटेने मित्रमंडळी घेऊन येणार असाल तर थंडीत या आणि अकराच्या आत रोह्यात पोचा. आणि खिंडीच्या माथ्यावरून निघताना ‘चला’ म्हणायचा अधिकार सगळ्यात शेवटी आलेल्याकडे द्या.